लोंबकळून उंची वाढते का?

प्रश्न : वय २२. पोलीस शिपाई भरतीची तयारी चालू आहे. उंची १६५ सें.मी. लागते, माझी १६४ भरते. ग्राउंडवरची मुलं म्हणतात, सिंगल बारला रोज लोंबकळ, दोन महिन्यांत दोन सेंटीमीटर पक्की. किती वेळ लोंबकळायचं? पायाला वजन बांधलं तर लवकर फरक पडेल का? (एक उमेदवार, बीड जिल्हा)

उत्तर : पायाला वजन बांधू नका, हे आधी. सगळा ताण खांद्यांवर आणि मनगटांवर येतो, पाठीचे स्नायू घाबरून आवळतात आणि कणा ताणला जायचा तो जातच नाही. पकड सुटली तर वजनासकट खाली.

आता उंचीचं. उंची वाढते ती मुख्यतः मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांमध्ये. मुलींच्या या पट्ट्या साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी आणि मुलांच्या सोळा ते अठराव्या वर्षी हाडात मिसळून जातात. बाविसाव्या वर्षी ताणायला तिथे काही उरलेलं नसतं.

तरीही बारवरून उतरल्या उतरल्या मोजलं तर काही मिलिमीटर जास्त भरतात, आणि तिथेच पोरं फसतात. कण्यात २४ सुटे मणके आणि त्यांच्यामध्ये २३ गाद्या असतात. कण्याच्या लांबीचा जवळपास चौथा हिस्सा या गाद्यांचा. गादीच्या पोटात पाणी धरून ठेवणारा गर असतो. दिवसभर उभं राहून, बसून, ओझं उचलून ते पाणी पिळून निघतं आणि रात्री आडवं झालं की गादी ते परत शोषून घेते. त्यामुळे संध्याकाळपेक्षा सकाळी माणूस एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो. त्यातली निम्मी उंची उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच जाते. लोंबकळण्याने एवढंच होतं की गादीवरचा दाब थोडा वेळ हटतो. चालायला लागलात की कमाई परत. अंतराळवीर महिनोन्‌महिने वजनाशिवाय राहतात, तिथे त्यांची उंची ३ टक्क्यांपर्यंत वाढते आणि पृथ्वीवर आल्यावर पूर्ववत होते. मग अर्ध्या मिनिटाच्या लटकण्याने काय टिकणार?

पण तुमचा प्रश्न एका सेंटीमीटरचा आहे, आणि तेवढं कधी मोजण्यात तर कधी उभं राहण्यात हरवलेलं असतं. तुमची १६४ कोणी, कशी मोजली? डोक्यावर वही ठेवून पेन्सिलची खूण केली असेल, तर वही जराशी तिरकी झाली तरी पाऊण सेंटीमीटरचा घोळ होतो. सुताराचा गुण्या घ्या. त्याची एक बाजू भिंतीला घट्ट आणि दुसरी डोक्यावर केस दाबून ठेवा. भिंतीच्या तळाशी फरशीची पट्टी नको, ती टाचा पुढे ढकलते. अनवाणी उभे राहा. टाचा, नितंब आणि पाठीचे फरे भिंतीला. नजर सरळ समोर, म्हणजे कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका पातळीत. उंच दिसायला हनुवटी वर करणारे बरेच असतात. त्याने डोकं मागे कलतं आणि उलट उंची कमी भरते. खोल श्वास घेऊन रोखा, तेव्हा मोजा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, दर वेळी तीनदा मोजून सरासरी लिहून ठेवा.

असंच भिंतीला उभे असताना हनुवटी न उचलता डोकं भिंतीला टेकतं का, तेही पाहा. टेकत नसेल तर पाठीला पोक आहे, आणि त्या पोकात उंची अडकलेली आहे. ती सोडवता येते. टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून फऱ्यांच्या खाली आडवी ठेवा, गुडघे वाकवून तिच्यावर उताणे पडा, हात डोक्यामागे, दोन मिनिटं. मग भिंतीला पाठ लावून कोपर आणि मनगट भिंतीवरून न सोडता हात वर-खाली, १० वेळा, दोनदा. कंबर भिंतीपासून कमानीसारखी सुटत असेल तर व्यायाम फुकट गेला. पोट आत घ्या. एक गुडघा जमिनीवर टेकून मांडीचा पुढचा भाग ताणायचा, दोन्ही बाजूंना ३० सेकंद. हे रोज केलं तर सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो.

बार सोडू नका, तो खांद्यांना आणि पकडीला चांगला आहे. २० सेकंद, तीनदा, मध्ये मिनिटभर विश्रांती. उडी मारून उतरू नका, खाली स्टूल ठेवा.

मोजमापाच्या आदल्या रात्री बसच्या सीटवर बसून प्रवास करणं सगळ्यात वाईट, कारण वाकून बसल्यावर गाद्यांवरचा दाब उभं राहण्यापेक्षाही जास्त असतो. आदल्या दिवशीच पोहोचा, सपाट झोपा. ग्राउंडवर नंबर यायला वेळ असेल तर सतरंजीवर उताणे पडून पोटऱ्या बॅगेवर ठेवा, गुडघे काटकोनात, १५-२० मिनिटं. मोजताना मात्र टाच उचलू नका. मोजणाऱ्याचं लक्ष तिथेच असतं.

नीट मोजूनही सकाळची उंची १६५ च्या आत आणि डोकंही भिंतीला सहज टेकत असेल, तर हा मार्ग बंद आहे असं समजा. जाहिरातीत काही गटांना उंचीत सवलत असते, ती ओळ वाचा. राज्य राखीव दलाला तर १६८ लागते. दोन वर्षं बारला लटकण्यापेक्षा उंचीची अट नसलेल्या पदाचा अभ्यास करा.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, उंची १५० सें.मी., पाळी येऊन आठ महिने झाले. एका केंद्रात कमरेला-मानेला पट्टा लावून कणा ओढतात आणि सोबत भुकटी देतात. १० सेंटीमीटर वाढ सांगतात. माझी उंची १५४, यांची १६८. करावं का? (एक आई, ठाणे)

उत्तर : नको. पाळी सुरू झाल्यावर मुलगी साधारण पाच ते सात सेंटीमीटर वाढते, आणि त्यातली काही वाढ या आठ महिन्यांत झालेली असणार. आईवडिलांवरून अंदाज असा काढतात : दोघांची उंची मिळवायची, मुलगी असेल तर १३ वजा करायचे (मुलगा असेल तर मिळवायचे) आणि निम्मं करायचं. तुमच्या घरी १५४.५ येतं. आठ सेंटीमीटर इकडे-तिकडे होऊ शकतं, पण तिच्या १५० मध्ये काळजीचं काही दिसत नाही. पुढचे तीन-चार सेंटीमीटर ती पट्ट्याशिवायही वाढेल, आणि पैसे मात्र पट्टेवाल्यांचे होतील.

तेरा वर्षांच्या मानेला ओढण लावणं धोक्याचं. भुकटीच्या डब्यावर घटक छापलेले नसतील तर ती घरातही नको. त्यात चोरून स्टिरॉइड असेल तर वाढीच्या पट्ट्या वेळेआधी मिटतात आणि उंची उलट खुंटते. दूध, डाळ, अंडं, भरपूर झोप, खेळ, एवढं पुरे. धाकटं भावंड असेल तर त्याची नोंद ठेवा : पाच वर्षांनंतर, वयात येण्याआधी, वर्षाला पाच सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय सांगतील.

प्रश्न : आई ६६ वर्षांची. जुन्या कागदावर उंची १५५ होती, आता १५० भरते. तिने पश्चिमोत्तानासन आणि कणा ताणायचे व्यायाम केले तर परत मिळेल? (पणजी)

उत्तर : आसनं आज थांबवा. चार सेंटीमीटरपेक्षा जास्त उंची गेली असेल तर हाडं ठिसूळ होऊन एखादा मणका पुढून चेपला असण्याची शक्यता असते. पुष्कळदा ते दुखतही नाही, म्हणून कळत नाही. अशा मणक्यावर पुढे वाकण्याचा भार आला की शेजारचाही चेपतो. पाठीच्या मणक्यांचा बाजूने एक्स-रे आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्या. तोवर खाली पडलेलं उचलायचं ते गुडघ्यात वाकून, आणि पाण्याची कळशी दुसऱ्या कोणीतरी भरावी.