रब्बींची प्रवचनं ऐकून आपल्या ज्यू असण्याबद्दल खरंच आधार वाटतो का?

तुम्ही लिहिलंय की आई ज्यू, पण घरात कधी काही पाळलं गेलं नाही. आता एकटेच रब्बींची प्रवचनं ऐकता, बरं वाटतं, आणि मग शंका येते की हा आपलेपणा खरा, की ऐकण्यापुरता. माझ्या अनुभवाने सांगते, खरा आहे. मला तो रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, जोनाथन सॅक्स यांच्याकडून मिळाला. 1991 ते 2013 ते ब्रिटनचे मुख्य रब्बी होते, नोव्हेंबर 2020 मध्ये गेले. पाराशा म्हणजे तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याला वाचायचा भाग. त्यावर ते वर्षानुवर्षं लिहीत आणि बोलत राहिले.

मी ठाण्याची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या रब्बी नव्हतेच. प्रार्थना हजान चालवतात, बाकीचं समाजातली जाणती माणसं बघतात. पूर्वी मराठीतून कीर्तनं व्हायची, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं. माझ्या आजीला त्यातली पदं पाठ होती. पण दर आठवड्याला कुणी बसवून अर्थ सांगतंय, असं आमच्या घरात कुणी अनुभवलं नव्हतं. मला ते मोबाइलवर मिळालं.

शुक्रवारी दुपारी किद्दूशचं, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाच्या पेल्याचं, शरबत करताना मी ते ऐकते. आमच्याकडे द्राक्षाच्या दारूऐवजी मनुका भिजवून, हाताने कुस्करून, फडक्यातून गाळून घेतात. फोन ओट्याच्या कडेला असतो. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपासूनचा विश्रांतीचा दिवस, लागला की तो बंद, म्हणून आधीच ऐकून घ्यायचं.

ज्या प्रवचनाने मला धरून ठेवलं ते नित्साविम या पाराशावरचं. हा भाग नव्याच्या सणाच्या, म्हणजे रोश हशाना या ज्यू नववर्षाच्या, आधीच्या शब्बाथला वाचतात. इस्राएली लोकांचा नेता मोशे, त्याचं आयुष्य संपत आलंय. तो सगळ्यांना उभं करतो: टोळ्यांचे प्रमुख, वडीलधारे, बायका, मुलं, छावणीत राहणारा परका, लाकूडतोड्यापासून पाणक्यापर्यंत. आणि म्हणतो, देवाचा हा करार तुमच्याशीच नाही, जे आज इथे नाहीत त्यांच्याशीही आहे.

सॅक्स इथे एक अवघड प्रश्न पुढे आणतात. जो जन्मलाच नाही त्याला करार कसा बांधील? 1391 पासून स्पेनमध्ये ज्यूंचं जबरदस्तीने धर्मांतर होऊ लागलं, 1492 मध्ये उरलेल्यांना हाकलून दिलं. त्या काळात इसहाक अब्राबानेलसारख्या विद्वानांनी हाच प्रश्न घेतला, कारण लोक खरोखर विचारत होते की सीनाय पर्वतावर पूर्वजांनी देवापुढे शपथ घेतली, तिच्यासाठी मी का सोसू? सॅक्स त्याला कायद्याचं उत्तर देत नाहीत. ते म्हणतात, समजा मोठ्या ग्रंथालयात तुम्हाला तुमच्याच घराण्याचं नाव असलेलं एक पुस्तक सापडलं. प्रत्येक पिढीने आपल्या हाताने, आपापल्या भाषेत त्यात लिहिलंय. शेवटचं पान कोरं आहे आणि त्यावर तुमचं नाव आहे. ते मिटून पुन्हा फळीवर ठेवाल का?

मी मनुकांनी माखलेल्या हातानेच फोन थांबवला. कारण आमची पानं मराठीत आहेत, हे मला लख्ख दिसलं. 1874 साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाख सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापला गेला. त्यातल्या चित्रात पेसाखची बिनखमिराची भाकरी, मात्सा, करणाऱ्या बायका साडी नेसून जमिनीवर बसल्यात. आणि त्याआधीची कितीतरी पानं तर लिहिलेलीच नाहीत. कोकणातले आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांच्याकडे तोरा उरला नव्हता, प्रार्थना विसरल्या होत्या. शमा ही एक प्रार्थना तेवढी राहिली होती, ‘ऐक, हे इस्राएला’, तीच जन्माला, लग्नाला, मयताला म्हणायचे. लाकूडतोड्या आणि पाणक्या जर त्या करारात उभे असतील, तर माझा तेलीही तिथेच उभा आहे. हे सॅक्स यांचं नाही, माझं म्हणणं आहे, आणि मी ते ठामपणे म्हणते.

आमच्या लोकांसाठी याला फार मोल आहे. 1960 च्या दशकात इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएलांच्या लग्नाच्या वेळी आईची आई, तिची आई, अशी मागे मागे चौकशी करायचे आदेश निघाले होते. माणसं जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली. ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेतने, हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असं जाहीर केलं. ‘सिद्ध करून दाखवा’ ही सल अजून कितीतरी घरांत आहे. सॅक्स यांच्या प्रवचनात मला पहिल्यांदा कुणी पुरावा न मागता पुढचं विचारलं: तुझ्या वाट्याचं पान तू लिहिणार का?

त्यांचा आणखी एक मुद्दा मला फार जवळचा वाटतो. ज्यू असणं छळाच्या आठवणींवर उभं करू नका, असं ते पुन्हा पुन्हा सांगत. जग आपला द्वेष करतं एवढंच मुलांना दिलं, तर मुलं ते का स्वीकारतील? कोकणातल्या आमच्या इतिहासात याचं जिवंत उदाहरण आहे. शेजाऱ्यांनी आम्हाला कधी ज्यू म्हणून त्रास दिला नाही. 2008 मध्ये मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर चालून आले ते बाहेरून आलेले होते. तरी शतकानुशतकं शब्बाथ टिकला, मलिदा हा गोड पोह्यांचा नैवेद्य टिकला, एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचं नाव टिकलं. कुणी ढकलत नव्हतं, तरी लोक धरून राहिले. मला याचा अभिमान वाटतो.

आता तुमची खरी शंका. नुसतं ऐकत राहिलं तर दिलासा ओसरतो, हे खरं. सॅक्स स्वतः 1968 मध्ये केंब्रिजचे विद्यार्थी असताना अमेरिकेत लुबाविच या ज्यू पंथाच्या प्रमुख रब्बींना भेटायला गेले. ते प्रश्न विचारायला गेले, तर रब्बींनीच उलट विचारलं की केंब्रिजमधल्या ज्यू विद्यार्थ्यांसाठी तू काय करतोस? सॅक्स म्हणू लागले, ‘मी ज्या परिस्थितीत सापडलोय...’ रब्बींनी तिथेच अडवलं. परिस्थितीत कुणी सापडत नाही, माणूस स्वतःला तिथे नेतो, आणि तिथून दुसरीकडेही नेऊ शकतो.

मी हे माझ्यावर घेतलं. भाऊ, चुलत भावंडं इस्राएलला गेली. एकेकाळी भारतात आम्ही वीसेक हजार होतो, आता चार-पाच हजारांच्या आसपास आहोत. मागे राहिल्याचं दुःख करत बसण्यापेक्षा मी शनिवारी सिनेगॉगमध्ये जाऊ लागले, आणि आता सणांआधी समाजातल्या मुलींना शरबत आणि मलिदा शिकवते.

तुम्ही नित्साविमपासूनच सुरुवात करा. आधी तो पाराशा स्वतः वाचा, मराठी बायबलमध्ये ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा 29 वा आणि 30 वा अध्याय. मग प्रवचन ऐका. त्यातली उदाहरणं लंडनची, युरोपची असतील, तिथे आपल्या आईच्या घराण्याची माणसं आणून बघा. आईला तिच्या आजीबद्दल विचारा, ती कुठल्या गावची, शुक्रवारी संध्याकाळी काय करायची. आणि कुठे राहता ते कळवा. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबाग यापैकी जवळ काही असेल तर शब्बाथला कुणाला भेटायचं ते मी विचारून सांगते.