कात्री हातात घेतली तर महिन्याला सुटणार किती?

‘मुलगी बारावी कॉमर्सला आहे. हेअरड्रेसिंग शिकायचं म्हणून हटून बसली आहे. पुण्यातल्या एका अकादमीने सहा महिन्यांच्या कोर्सचे पावणेदोन लाख सांगितले. मी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. नातेवाईक म्हणतात, एवढं शिकवून लोकांचे केस कापायला लावणार का? मला लोकांचं काही नाही, पण यात तिचं पोट भरेल का, ते खरं सांगा.’ – एक पालक, बार्शी

सप्रेम नमस्कार,

पोट भरतं. पण पहिली दोन वर्षं हात फार आखडता राहतो, आणि अकादम्यांच्या जाहिरातीत नेमकं तेच नसतं.

पुण्या-मुंबईच्या सलूनमध्ये कोर्स करून आलेली मुलगी आधी असिस्टंट म्हणून लागते. केस धुणं, ब्लो-ड्राय, सीनिअरला रंग कालवून देणं ही तिची कामं. माझ्याकडे शिकून गेलेल्या मुलींना सुरुवातीला बारा ते पंधरा हजार मिळाले. पुण्यात खोलीभाडं आणि मेस भरून त्यातलं फारसं उरत नाही. खरी मिळकत पुढे इन्सेंटिव्हमधून, म्हणजे टार्गेटच्या वर केलेल्या कामाच्या टक्क्यातून, सुरू होते. त्याचा हिशेब असा: समजा पगार १८ हजार आहे आणि सलूनने पगाराच्या चौपट, म्हणजे ७२ हजारांच्या कामाचं टार्गेट दिलं आहे. तिच्या खुर्चीवर महिन्यात १ लाख २० हजारांचं काम झालं, तर वरच्या ४८ हजारांवर दहा टक्क्यांनी ४,८०० रुपये. टिप वेगळी, शाम्पू-सीरम विकल्याचं कमिशन वेगळं. म्हणून नोकरी धरताना पगाराइतकंच टार्गेट काय आणि टक्का किती, हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

मग तिची खुर्ची भरते कशाने? एका जुन्या विद्यार्थिनीकडे मी स्वतः केस रंगवायला गेले होते. तिने रंगाच्या डब्याला हात लावायच्या आधी विचारलं, “मॅडम, घरी मेंदी लावता का? कुठली?” मी हो म्हटल्यावर मानेजवळची एक बारीक बट कापली, वाटीतल्या मिश्रणात बुडवली आणि थांबली. काही तयार मेंदीत धातूचे क्षार असतात. त्यावर रंगात मिसळतात ते पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटतात. बट नीट राहिली तेव्हाच तिने ब्रश उचलला. शेवटी वहीत माझ्या नावापुढे शेडचा नंबर, ‘२० व्हॉल्यूम (म्हणजे पेरॉक्साइडची तीव्रता), ३५ मिनिटं’ असं टिपून ठेवलं. दोन महिन्यांनी मुळं पांढरी दिसायला लागली तेव्हा मी दुसरीकडे कशाला जाईन? कटिंगपेक्षा रंगात पैसा जास्त आहे, आणि रंग ज्याला कळतो त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येतं. तुमच्या मुलीला हे रसायन शिकायची आवड आहे का, तेवढं बघा.

आता बार्शीत स्वतःचं पार्लर टाकलं तर? रोज पाच गिऱ्हाइकं, सरासरी बिल ३५० आणि महिन्याचे २६ दिवस धरले, तर गल्ल्यात ४५,५०० येतात. त्यातून भाडं ८ हजार, लाइट-पाणी ३ हजार, माल ८ हजार आणि मदतनीस मुलगी ८ हजार गेले की हातात साडेअठरा हजार. कर्जाचा हप्ता यातूनच. तुळशीच्या लग्नानंतर नवरीचं काम मिळू लागलं की चार-पाच तारखांत महिनाभराची कसर भरून निघते. पितृपंधरवड्यात मात्र खुर्ची रिकामी असते. वर्षाचा हिशेब मांडायचा तो दोन्ही धरून.

शरीराचंही सांगते. दिवसाचे नऊ-दहा तास उभं राहायचं. पायांच्या शिरा फुगतात, कंबर धरते, सतत ओले हात आणि डाय यांनी कातडी सोलवटते. हातमोजे आणि चांगले बूट यात काटकसर नको. शनिवार-रविवारची सुट्टी तर विसराच.

फीबद्दल माझं स्पष्ट मत: पावणेदोन लाख आत्ता भरू नका. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीवर प्रवेश मिळतो, आणि सरकारी आयटीआयची फी या रकमेपुढे काहीच नाही. त्यात त्वचा, मेकअप, केस सगळं येतं, म्हणून केसांवर हात बसायला वेळ कमी मिळतो, हे खरं. पण पाया पक्का होतो. मग वर्षभर सलूनमध्ये काढून फक्त रंगाचा आणि कटिंगचा पुढचा कोर्स केला, तर तिला कळेल आपण पैसे कशाचे मोजतोय. कुठलीही अकादमी बघायला गेलात तर एकच विचारा: सरावाच्या नकली डोक्यांचे डमी किती आणि जिवंत माणसांची डोकी किती मिळणार?

कर्जाचं म्हणाल, तर पारंपरिक कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत नाई हा व्यवसाय आहे, पण तुम्ही सरकारी नोकरीत असल्याने तुमच्या घराला ती लागू होत नाही. छोट्या धंद्यांना कर्ज मिळवून देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेचा रस्ता मोकळा आहे: शिशू गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत. पण दुकानासाठी कर्ज काढायचं ते तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीवर काम केल्यावरच.

नातेवाइकांच्या बोलण्याने मला फार वाईट वाटलं. ज्या नाभिक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही कात्री धरली, त्यांच्या कारागिरीला आपण नावं ठेवली आणि आता तीच कला काचेच्या दारामागे गेली की दीड-दोन लाख मोजतो. तुमच्या गावात एखादे जुने कारागीर असतील. परीक्षा झाली की मुलीला घेऊन त्यांच्याकडे जा, महिनाभर दुकानात उभी राहू द्या. कंगव्यावर केस उचलून कात्री कशी चालते, ते त्यांच्या हाताकडे बघून शिकू द्या. महिना संपल्यावरही ती सकाळी आपणहून निघत असेल, तर आयटीआयचा प्रवेश अर्ज भरा आणि मला कळवा. पुण्यात राहण्याची सोय आणि सलूनची निवड, दोन्हींचं आपण तेव्हा बसून ठरवू.