गाजर खाल्ल्याने चष्म्याचा नंबर कमी होतो का?

नाही, नंबर मुख्यतः नेत्रगोलाच्या लांबीवर आणि पारपटलाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) वक्रतेवर ठरत असल्यामुळे आहाराने तो उतरत नाही. तरीही गाजर उपयोगी आहेच, कारण मंद प्रकाशात दिसण्यासाठी लागणारे अ जीवनसत्त्व शरीर त्यातील बीटा-कॅरोटीनपासून तयार करते. माझ्या मते नाशिककरांनी गाजराहून अधिक लक्ष गंगाघाटावरच्या बाजारात जुडीने मिळणाऱ्या पालक-मेथीकडे द्यावे. त्यांतील ल्युटिन व झियाझँथिन ही रंगद्रव्ये दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या) मध्यभागी साठून निळ्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतात, आणि ही द्रव्ये स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने भाजीला तेलाची फोडणी हवीच. बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मात्र धूम्रपान करणाऱ्यांनी कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याचे आढळले आहे.