पॅलेस्टाईनचा अस्सल स्कार्फ कुठून घ्यावा? एक प्रवासात वापरायला, एक मित्राला गिफ्ट

वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनचा घ्या, हिरबावी कारखान्याचा. जेरुसलेमच्या बाजारात दोरीवर लटकवलेले दिसतात त्यातले बरेच चीनचे असतात, आणि आपल्याकडे रस्त्यावर अराफत रुमाल म्हणून मिळतात त्यांचं तर नावच काढू नका.

एवढं ठासून सांगतोय कारण मी इचलकरंजीचा. घरचे आठ माग होते. २०१९ ला जॉर्डन-इस्रायल ग्रुप टूरला गेलो तेव्हा जेरुसलेमच्या दमास्कस गेटच्या आत एका दुकानात दाजींसाठी काळापांढरा कुफिया, म्हणजे हाच स्कार्फ, घेतला, दुकानदार शपथेवर सांगत होता की इथेच विणलाय. रात्री हॉटेलवर हात फिरवला तर नुसता गुळगुळीत. दशीतला एक धागा ओढून काडी लावली तर वितळून टोकाला काळा कडक मणी झाला. सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो. हे सरळ पॉलिस्टर होतं, मला झोप नाही लागली.

दुसऱ्या दिवशी बेथलेहेममध्ये दुपार मोकळी होती, मग टूरवाल्याला सांगून पिवळ्या शेअर टॅक्सीने हेब्रॉन गाठलं, तिथे त्या टॅक्सीला सर्व्हिस म्हणतात. कारखान्याच्या दारातच खटखट ऐकू आली आणि पाय थांबले, आमच्या गल्लीचाच आवाज. आत तेलाने काळे पडलेले जपानी सुझुकीचे माग. एकाचा धागा तुटला, कामगाराने माग थांबवला, धागा ओठाने ओला केला, दोन बोटांत गाठ मारली की माग चालू. आमचे अण्णा माग चालवताना अगदी असंच करायचे. भाषा येत नव्हती म्हणून मी हातानेच गाठीची खूण करून दाखवली, तो हसला आणि चहा मागवला.

हा कारखाना यासेर हिरबावींनी १९६१ ला काढला, आता मुलं बघतात. इस्रायल-पॅलेस्टाईनच्या १९९३ च्या ओस्लो करारानंतर बाहेरचा स्वस्त माल शिरला आणि माग बंद पडत गेले, कसेबसे टिकले.

घरी आल्यावर दाजी म्हणाले, रुमाल तो रुमाल, कुणी विणला याने काय फरक पडतो. याच दाजींनी २००८ ला अण्णांना सांगितलं होतं की बाहेरचं कापड स्वस्त पडतं, माग भंगारात घाला. घातले. वजनावर गेले. मी तेव्हाही म्हणत होतो चार तरी ठेवा, आजही तेच म्हणतो. फरक पडतो दाजी, विणणाऱ्याला पडतो. त्यांच्यासाठी आणलेला हेब्रॉनचा कुफिया शेवटी अण्णांना दिला. त्यांनी आधी उलटा केला, काठ नखाने खरवडला, म्हणाले विणकाम घट्ट आहे.

तुम्हीही उलटाच करून बघा. नक्षी छापलेली असेल तर मागची बाजू फिकी दिसते, विणलेली असेल तर मागे धागे दिसतात. पण चीनवालेही विणतात, त्यामुळे सूत आहे का आणि लेबल काय म्हणतं हेही बघा. मित्राला द्यायचा तर काळापांढराच, लालपांढरा जॉर्डनमध्ये जास्त चालतो. नक्षीतली जाळी म्हणजे मासेमारीचं जाळं, कडेची पानं ऑलिव्हची, असं तिथले लोक सांगतात, मित्राला तेवढं सांगा. आणि हे मुळात शेतकऱ्याचं डोक्याचं कापड, ब्रिटिशांविरुद्धच्या १९३६ च्या उठावात लढणाऱ्यांनी बांधलं तेव्हापासून त्याला राजकीय अर्थ आला, नुसती फॅशन म्हणून देऊ नका.

प्रवासात ऊन-धुळीला मस्त, साधारण सव्वा मीटर चौकोनी असतो, थंड पाण्यात धुवा. मात्र इस्रायलच्या विमानतळावर गळ्यात घालून जाऊ नका, बॅगेत ठेवा, कुठून घेतला असं विचारलं तर खरं सांगा. २०२३ नंतर तिकडची परिस्थिती फार बिघडलीय, त्यामुळे आत्ता हेब्रॉनला मुद्दाम जा असं मी म्हणणार नाही, हिरबावीचा माल ऑनलाइन मिळतो. कस्टम ड्युटी लागू शकते, तेवढे पैसे धरून चाला.