सहा गाईंच्या गोठ्यासाठी दीड एकर सुपर नेपिअर लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिन्नर तालुक्यात दीड एकर विहिरीच्या पाण्याखालची जमीन, शिवाय दोन एकर मुरमाड. मार्चनंतर विहीर निम्म्यावर येते. सहा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई, त्यातल्या चार दुधात, दोन भाकड, आणि दोन कालवडी. दुधातली गाय सरासरी १२ लिटरवर आहे, तिला रोज ६ किलो गोळी पेंड लागते आणि नफा त्या पेंडीतच जातो. एकजण सुपर नेपिअर हे चाऱ्याचं गवत एकरी २०० टन देतं म्हणून ५ रुपयाला कांडी (लागवडीचा ताटाचा तुकडा) विकतोय. सगळा दीड एकर तोच लावू का?

नको. एकच गवत दीड एकरावर लावू नका, मग ते कोणतंही असो. तुमच्या जमिनीत मी २० गुंठे नेपिअर, १२ गुंठे लसूणघास आणि उरलेल्या २८ गुंठ्यांत पावसाळी मका व हिवाळी ओट अशी वाटणी करेन. का, ते सांगतो.

आधी त्या २०० टनांचं गणित करा. ३ बाय २ फुटांवर लागवड केली तर एकरात साधारण ७,२६० ठोंब बसतात. वर्षाला सात कापण्या धरल्या तर २०० टनांसाठी प्रत्येक ठोंबाने प्रत्येक कापणीला जवळजवळ ४ किलो दिलं पाहिजे, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतसुद्धा. श्रावणात भरलेला एखादा ठोंब चार किलो देतो, नाही असं नाही, आणि फोटो त्याचाच निघतो. पण बांधाकडचे, सावलीतले, थंडीत आखडलेले, उन्हाळ्यात पाणी चुकलेले सगळे धरून हिशोब केला तर चांगल्या व्यवस्थापनात एकरी ७०-८० टन धरावेत. म्हणजे ठोंबाला दीड किलोच्या आसपास.

आणि सुपर नेपिअर म्हणजे काही वेगळी जात-जमात नाही. तो थायलंडमध्ये तयार झालेला पाकचोंग-१. हत्ती गवत आणि बाजरीचा संकर, जसा आपल्याकडचा फुले यशवंत, फुले जयवंत, बायफ या संस्थेचा बीएनएच-१०, धारवाडचा डीएचएन-६ किंवा कोइम्बतूरचा सीओ-४, सीओ-५ आहे. उंच वाढतो, वजन देतो, पण ५० दिवसांच्या पुढे गेला की कांडी लाकडासारखी होते आणि कुट्टी केली तरी गाय बुडखे गव्हाणीत ठेवते. तुमच्या गोठ्यासाठी मी राहुरी कृषी विद्यापीठाचा फुले जयवंत किंवा बीएनएच-१० निवडेन. पानं मऊ, पानांवर टोचरी कूस कमी, आणि जयवंतमध्ये ऑक्झलेट (कॅल्शियम बांधून ठेवणारं द्रव्य) हेही कमी.

आता मूळ मुद्दा. चारा टनावर मोजला की माणूस फसतो. हिरव्या नेपिअरमध्ये पाणी ८२ टक्के असतं. १०० किलो नेपिअर म्हणजे १८ किलो कोरडा पदार्थ, आणि ४५ दिवसांवर कापला तर त्यात साधारण ९ टक्के प्रथिनं. लसूणघासात कोरडा पदार्थ २० टक्के, पण प्रथिनं १८ ते २० टक्के. एकरी हिशोब लावा: ८० टन नेपिअरमधून सुमारे १३०० किलो प्रथिनं मिळतात, आणि ४० टन घासातून सुमारे १५००. निम्मं वजन कापायचं, वाहायचं, कुट्टी करायचं, आणि प्रथिनं उलट जास्त. गोळी पेंड तुम्ही मुख्यतः प्रथिनांसाठीच विकत घेताय.

एका गाईपुरतं बघा. २५ किलो नुसता नेपिअर टाकला तर चाऱ्यातून ४०० ग्रॅम प्रथिनं जातात. त्याच २५ किलोत १८ नेपिअर आणि ७ घास केला तर ५५० ग्रॅमच्या वर. वाढलेले १५० ग्रॅम म्हणजे २० टक्के प्रथिनांच्या पाऊण किलो पेंडीइतके. पेंड ३० रुपये किलो धरली तर चार गाईंवर दिवसाला ९० रुपये, महिन्याला २,७०० रुपये, तेही दूध न वाढता. मात्र पेंड एकदम तोडू नका. पेंडीतून ऊर्जाही जाते. दर पाच-सहा दिवसांनी पाव किलो कमी करा, दूध आणि फॅट बघत राहा. दूध घसरलं तर पेंडीऐवजी थोडा मका भरडा द्या. सोबत रोज ५ किलो कडबा हवाच. एवढं सगळं मिळून १३-१४ किलो कोरडा पदार्थ पोटात जातो आणि ४५० किलोच्या गाईला तेवढा लागतो.

नेपिअरची लागवड. तीन महिन्यांच्या पक्व ताटाच्या मधल्या भागातून दोन डोळ्यांच्या कांड्या काढा. शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्या कुजतात. एक डोळा मातीत, एक वर, अशी तिरकी खोचा. २० गुंठ्यांना ३,६०० कांड्या लागतात. जून-जुलै किंवा फेब्रुवारी-मार्च हे लागवडीचे दिवस. तुमची विहीर पाहता पावसाळाच धरा. आधी ५ टन कुजलेलं शेणखत घाला. पहिली कापणी ६५-७० दिवसांनी, पुढच्या ४५ दिवसांनी, जमिनीपासून चार-पाच इंच ठेवून, धारदार विळ्याने. बोथट विळ्याने ठोंब हलला की फुटवे कमी होतात.

प्रत्येक कापणीनंतर एकरी १० किलो नत्र, म्हणजे २२ किलो युरिया, असं सर्वसाधारण प्रमाण आहे. पण ८० टन चारा एकरातून वर्षाला २०० किलोच्या आसपास नत्र उचलतो, पालाशही तितकाच. युरियाच्या पोत्याने हे भरून निघत नाही. तिसऱ्या वर्षी नेपिअर बारीक पडतो, लोक वाणाला दोष देतात, आणि गोठ्यातलं मूत्र तिकडे नाल्याला वाहत असतं. चाऱ्यातला बराचसा पालाश मूत्रातूनच बाहेर पडतो. गोठ्याची नाली एका खड्ड्यात सोडून ते पाणी पाटाने किंवा मडपंपाने नेपिअरला द्या. खतांत हे एकच काम केलंत तरी बाकीचं निम्मं सुटेल.

कापणीची आखणी लागवडीच्या दिवशीच करा. २० गुंठ्यांचे ४५ पट्टे पाडा, पट्टा सुमारे ४८० चौरस फुटांचा. रोज एक पट्टा कापला की १२०-१२५ किलो चारा येतो आणि तुमच्या गोठ्याची नेपिअरची गरज जवळपास तेवढीच आहे: दुधातल्या चौघींना १८ किलोप्रमाणे, भाकडींना २२, कालवडींना सहा-सहा. हे केलं नाही तर एका कडेने कापत जाता जाता दुसरी कडा ७० दिवसांची होते, प्रथिनं पाच-सहा टक्क्यांवर येतात, आणि शेत भरलेलं दिसत असताना दूध उतरतं. वाढ जास्त झाली तर पुढचे पट्टे कापून वाळवा किंवा मुरघास (हवाबंद दाबून मुरवलेला चारा) करा, पण वय वाढू देऊ नका. उलट ३० दिवसांच्या आत कापलेला कोवळा नेपिअरही वाईट. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि व्यायला झालेल्या किंवा नुकत्या व्यालेल्या गाईला त्याचा फटका बसतो. नेपिअर चालू असेल तर रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवायचं नाही.

सिन्नरकडे रात्रीचा पारा १२-१३ अंशांखाली गेला की नेपिअर जवळजवळ थांबतो. ४५ दिवसांची कापणी ६५-७० दिवसांवर जाते. दीड एकर नेपिअर लावणाऱ्याच्या गोठ्यात नेमकी संक्रांतीला चाराटंचाई असते ती यामुळे. ती पोकळी ओट आणि घास भरतात.

लसूणघास आरएल-८८ घ्या. हा राहुरीचा बहुवर्षायू वाण आहे, नीट सांभाळला तर तीन वर्षं चालतो. पेरणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. १२ गुंठ्यांना ३ किलो बी, ओळींत एक फूट अंतर, बी अर्ध्या इंचापेक्षा खोल नको. फोकून पेरू नका, तण काढता येत नाही आणि पहिल्या दोन महिन्यांत घास तणाखाली मरतो. बियाण्याला रायझोबियम (मुळांवर नत्र धरणारे जिवाणू) चोळा. पेरताना दीड पोतं सिंगल सुपर फॉस्फेट आणि फक्त ५ किलो युरिया. पुढे घासाला युरिया टाकायचा नाही, त्याला स्फुरद लागतो.

घास मोडायची खरी कारणं दोन. पहिलं अमरवेल, घासावर जगणारी परजीवी वेल. ती बियाण्यातूनच येते. १० लिटर पाण्यात १ किलो मीठ विरघळवून बी त्यात ढवळा, हलकं बी आणि अमरवेलीचं बी वर तरंगतं ते काढून टाका, खाली बसलेलं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. तरी शेतात पिवळे दोरे दिसले तर तेवढा तुकडा घासासकट कापून जाळा, तिला फूल येण्याआधी. तो घास गाईलाही घालू नका, शेणातून बी परत शेतात येतं. दुसरं कारण पाणी साचणं. मूळ कुजतं आणि टकली पडतात. त्यामुळे घासाला शेताचा उंच, निचऱ्याचा कोपरा द्या. जमीन चोपण (खारवट, निचरा न होणारी) किंवा पाणथळ असेल तर आरएल-८८ चा नाद सोडून हिवाळ्यापुरतं बरसीम करा.

पहिली कापणी ५५-६० दिवसांनी, पुढच्या २५-३० दिवसांनी, दहात एक फूल दिसू लागलं की. दव असलेला ओला घास उपाशी गाईला टाकायचा नाही, पोट फुगतं. आदल्या दिवशी संध्याकाळी कापा, सुकवा, आणि कडबा किंवा नेपिअरच्या कुट्टीत मिसळूनच घाला. डावी कूस फुगलीच तर पाव लिटर गोडेतेल हळूहळू पाजा, गाय चालती ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

२८ गुंठ्यांत जूनअखेर आफ्रिकन टॉल मका, २० किलो बी, एक फुटावर ओळी. दर तीन ओळींनंतर एक ओळ चवळी टाकली तर चाऱ्याला वजन आणि प्रथिनं दोन्ही येतात. लष्करी अळीवर पहिल्या महिन्यात पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) ५ टक्के निंबोळी अर्क. मका चाऱ्याचा आहे, जहाल औषध मारून आठ दिवसांत कापणं म्हणजे ते दुधात आणणं. ८०-८५ दिवसांनी दाणा चिकातून घट्ट होऊ लागला की कापून मुरघास करा. पाऊण इंचाची कुट्टी, मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. पाणी गळत असेल तर अर्धा दिवस सुकवा, नाहीतर मुरघास आंबूस न होता कुजका होतो. अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर दाबत जा, हवा राहिली की बुरशी आलीच. बुरशी आलेला भाग गाईला देऊ नका. २८ गुंठ्यांतून १५ टन मका धरा, घट वजा जाता १३ टन उरतो. मार्चच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचे १०० दिवस यावर निघतात.

त्याच जागी ऑक्टोबरअखेर ओट, फुले हरिता, २८ किलो बी. ५०-५५ दिवसांनी पहिली कापणी, त्यापुढे ३५-४० दिवसांनी दुसरी. फेब्रुवारीत रान मोकळं. मार्चनंतर पाणी फक्त नेपिअर आणि घास या ३२ गुंठ्यांना पुरवायचं. तुमच्या विहिरीचा हिशोब इथे बसतो.

चाऱ्याची ज्वारी लावायचा मोह झाला तर एकच काळजी. फुलोऱ्याआधी, विशेषतः पाण्याच्या ताणात सुकलेली किंवा कापल्यावर फुटलेली कोवळी ज्वारी गुरांना लागू देऊ नका. किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागली तर डॉक्टर येईपर्यंत जनावर राहत नाही.

दोन एकर मुरमाडीवर बागायती गवताचा खर्च करू नका. पावसाच्या तोंडावर मद्रास अंजन हे कोरडवाहू गवत एकरी दोन किलो, बी ओल्या मातीत कालवून विरळ फोका, सोबत स्टायलो हा शेंगवर्गीय चारा. स्टायलोचं बी कठीण असतं, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटं बुडवून मग पेरा. पहिल्या वर्षी चराई बंद. बांधांवर फुले मारवेल ०६-४० चे ठोंब आणि दशरथ घास लावा.

आता कांडीचं. ३,६०० कांड्या ५ रुपयाने घेतल्या तर १८ हजार रुपये जातात. त्यापेक्षा राहुरीच्या विद्यापीठातून, उरुळी कांचनच्या बायफकडून किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातून १००-१५० कांड्या आणा, विहिरीजवळ लावा आणि कापू नका. चार महिन्यांत एका ठोंबाला आठ-दहा ताटं येतात, ताटाला चार कांड्या निघतात. फेब्रुवारीत रोप केलंत तर जूनला तुमचे २० गुंठे घरच्या कांडीवर होतील. आणि कुणी नेपिअरचं बी पुडीत विकत असेल तर घेऊच नका. या संकराला उगवणारं बी धरत नाही, पुडीत दुसरंच काहीतरी असतं.