परागाच्या सर्दीवर तपकीर? बावीस वर्षं ओढली, म्हणून सांगतो

तुम्ही विचारलंय की होळीच्या सुमारास रोज सकाळी पंधरा-वीस शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि आजोबा म्हणतात, "चिमूटभर छींकणी ओढ, नाक मोकळं होईल." छींकणी म्हणजे तपकीर, नाकाने ओढायची तंबाखूची भुकटी. तर ओढावी का?

नका ओढू. मी नेमकी याच कारणासाठी सुरुवात केली होती.

आजोबा खोटं बोलत नाहीत. ओढली की मोकळं वाटतंच. निकोटिनने नाकातल्या रक्तवाहिन्या थोडा वेळ आकसतात. तपकिरीत मेंथॉल असेल तर गारवा लागतो, पण मेंथॉल सूज उतरवत नाही, हवा जास्त येतेय असं नुसतं भासवतं. बडोद्यात या दिवसांत वावळ्यासारख्या झाडांना फुलोरा येतो, त्याचे पराग वाऱ्यावर उडतात. ते नाकात गेले की शरीर हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं, त्यातून शिंका, पाणी, खाज. तपकीर त्या हिस्टामिनचं काहीच करत नाही. उलट रोजच्या भुकटीने नाकातलं अस्तर चिडतं आणि धूळ-पराग बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस मंदावतात.

माझी डबी मांडवीजवळच्या दुकानातली. झाकणावर दोन टिचक्या मारायच्या, चिमूट घ्यायची, आधी उजवी नाकपुडी, मग डावी. पहिली दोन वर्षं फक्त फाल्गुन-चैत्रात. मग भर पावसाळ्यातही नाक चोंदायला लागलं. मला वाटलं, ॲलर्जी वाढली. खरं म्हणजे दोन तास झाले की डोकं जड व्हायचं, चिमूट घेतली की उतरायचं. ती तलफ होती. कुठली शिंक परागाची आणि कुठली तपकिरीची, हेच मला कळेनासं झालं होतं. रुमालावरचे डाग निघत नसत, बायको माझे रुमाल वेगळ्या बादलीत भिजवायची. शेवटी डॉक्टरांनी नाकात दिवा धरून पाहिलं, तर मधला पडदा कोरडा आणि खपल्या धरलेला.

धूर नाही म्हणून निर्धोक, असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखू कर्करोगकारक ठरवली आहे, आणि तपकीर तंबाखूचीच असते.

मी सोडली तेव्हा पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. नाक बंद, चिडचिड, रात्री तोंडाने श्वास. तेव्हा मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा आधार झाला. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ, पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं तसंच नको. डॉक्टरांनी स्टेरॉईडचा फवारा दिला तर मोसम सुरू व्हायच्या दोनेक आठवडे आधीपासून रोज मारा. त्याचा गुण दिसायला काही दिवस लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका. फवाऱ्याचं तोंड मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने धरायचं. औषधाच्या दुकानात मिळणारे नाक मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांपलीकडे नकोत, त्यांनीही नाक उलटून चोंदतं. कमाटीबागेत सकाळी फिरायला जात असाल तर या दोन महिन्यांत मास्क लावा आणि घरी आल्यावर तोंड धुऊन कपडे बदला.

आणि एकच नाकपुडी सतत बंद राहत असेल किंवा रक्त येत असेल, तर ती ॲलर्जी समजून बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आजोबांनाही बरोबर घेऊन जा.