रेडिएटरवरचं फुलपाखरू

इथल्याच, इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं पत्र आलंय. चार पानांचं, त्यात तीन प्रश्न. दोन प्रश्न मी शेवटी उरकणार आहे, आधीच सांगते.

ती लिहिते, "ताई, ख्रिसमसच्या आठवड्यात बैठकीच्या खोलीत एक फुलपाखरू खिडकीच्या काचेवर धडका देत होतं. नारिंगी, काळे-पिवळे ठिपके, पंखांच्या कडेला बारीक निळी नक्षी. सासूबाई म्हणाल्या, बिचारं गारठलंय. त्यांनी त्याला खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर रुमाल घालून ठेवलं. हे म्हणतात, खिडकी उघड आणि सोडून दे. लेक रडतेय. कोणाचं ऐकू?"

कोणाचंच नको, बाई.

नक्षीवरून ते स्मॉल टॉर्टॉइजशेल जातीचं दिसतंय. ते वाट चुकून आत आलेलं नाही. ऑगस्ट-सप्टेंबरातच ते तुमच्या पडद्यामागे, नाहीतर कपाटाच्या वर जाऊन पंख मिटून झोपलं असणार. पंखांची खालची बाजू वाळक्या पानासारखी, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. ब्रिटनमधली बहुतेक फुलपाखरं हिवाळा अंडी, अळी किंवा कोशाच्या रूपात काढतात. हे, पीकॉक, ब्रिमस्टोन आणि कॉमा मात्र पंखांसकट झोपतात. शरदातल्या फुलांचा मध पिऊन साठवलेल्या चरबीवर मार्च-एप्रिलपर्यंत भागवायचं असतं. थंडीत शरीर मंदावतं, म्हणून साठा पुरतो.

आणि तुम्ही काय केलंत? डिसेंबरात हीटिंग वाढवलंत. त्याला वाटलं, वसंत आला.

आता माझं जुनं तुणतुणं ऐकाच. आपल्या लोकांना ऊब म्हणजे माया वाटते. इथं बाळाची खोली १६ ते २० अंशांवर ठेवा असं सांगतात, तर आपण २४ वर नेऊन वर कानटोपी घालतो. मीही घालत होते. माझ्या थोरल्याला घामोळं आलं, तेही जानेवारीत! पहिल्या हिवाळ्यात मला असंच एक पीकॉक सापडलं. पंखांवर डोळ्यांसारखे चार ठिपके, इतकं देखणं की हरखूनच गेले. सासूबाईंसारखंच मीही ते उबेला ठेवलं, शेजारी साखरपाणी. दोन दिवस ते फडफडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं होतं. जाग आली की साठा भराभर जळतो, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं.

यजमानांचं चुकतंय ते वेगळ्या कारणानं. पुण्यात डिसेंबरात खिडकी उघडली की फुलपाखरू उन्हात निघून जातं, प्रश्न मिटतो. इथं बाहेर दव गोठलेलं, फूल एक नाही. तापलेल्या खोलीतून त्याला सरळ तिकडं ढकलायचं म्हणजे सुटका नव्हे.

मग करायचं काय? काचेचा पेला त्याच्यावर अलगद पालथा घाला, खालून एखादं ग्रीटिंग कार्ड सरकवा. पंख चिमटीत धरू नका, त्यावरची भुकटी निघते. बाकरवडीचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका असेलच घरात (नसेल तर तुम्ही कसल्या मराठी!), त्यात ठेवून खोका गार जागी अर्धा तास राहू द्या. ते शांत होतं. मग शेडमध्ये, गॅरेजमध्ये किंवा हीटिंग नसलेल्या खोलीत भिंतीवर, छताजवळ हळूच उतरवा. बटरफ्लाय कन्झर्वेशन ही इथली संस्थाही हेच सांगते. एक गोष्ट मात्र विसरायची नाही: वसंतात त्याला तिथून बाहेर पडता आलं पाहिजे. बंद गॅरेजात ठेवून विसरलात तर सगळं वाया. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सायकली ठेवायची सामायिक शेड चालेल. तेही नसेल तर खोका गार जागी ठेवा आणि हिवाळा सरता सरता पहिल्या उबदार, उन्हाच्या दिवशी बाहेर सोडा.

माझे सासरे साताऱ्याहून आले होते, तेव्हा आमच्या शेडच्या आढ्याला असंच एक टॉर्टॉइजशेल होतं. दादा रोज जेवण झाल्यावर कोट चढवून टॉर्च घेऊन निघायचे. परत येऊन सांगायचे, "पाहुणा झोपलाय." मार्चच्या अखेरीला एका दुपारी त्यांनी शेडचं दार उघडं टाकून समोर खुर्ची मांडली. दोन तास बसले. ते उडालं तेव्हा नेमके चहाला आत आले होते, आणि तो राग त्यांनी माझ्यावर काढला.

त्या फुलपाखराला अंडी घालायला नेटल लागते, तीच अंगाला लागली की आग होणारी. बागेच्या उन्हाच्या कोपऱ्यात तिचा एक ठोंब राहू द्या. तण म्हणून उपटू नका.

उरलेले दोन प्रश्न. लेक मराठीत उत्तर देत नाही? तुम्ही मराठीतच बोलत राहा, इंग्रजीवर घसरू नका; सविस्तर पुन्हा कधी. आणि "सासूबाईंना इथं करमत नाही, दिवसभर सोफ्यावर बसून असतात," असं लिहिलंय. त्यांना एक टॉर्च आणि शेडची किल्ली द्या. नातीलाही बरोबर धाडा. कानटोपी मात्र दोघींना हवीच, शेडमध्ये फार गारठा असतो.